रेगडीतली चकाकी

सकाळी अकराच्या सुमारास चराच्या पूर्वेकडच्या भिंतीत ती दिसली. खुरप्याने काळी माती तासताना एक मोठं ढेकूळ आपसूक सुटलं आणि मागे तेल चोळल्यासारखा चकाकणारा, तिरका पृष्ठभाग उघडा पडला. त्यावर बारीक, समांतर ओरखडे. माझ्यासोबतचा विद्यार्थी ओरडलाच, "मॅडम, भ्रंश!" माझंही काळीज धडधडायला लागलं. भ्रंश म्हणजे भूकंपात जमीन जिथे तुटून सरकते ती जागा. तिथे जमिनीचे दोन भाग एकमेकांवर घासत सरकले की असाच गुळगुळीत, ओरखडलेला पृष्ठभाग राहतो.

आम्ही तेरणेच्या खोऱ्यात होतो, किल्लारीपासून थोड्या अंतरावर. हरभरा निघालेलं शेत, मालकाच्या परवानगीने जेसीबीने खणलेला तीन मीटर खोल चर, भिंतींवर खिळे आणि सुतळीने आखलेले मीटर-मीटरचे चौकोन. दर चौकोनातला प्रत्येक थर आलेख कागदावर उतरवायचा, हे आमचं काम.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले असताना, इथली जमीन हलली. तीव्रता ६.२. जगाच्या मानाने मध्यम भूकंप, पण धक्का उथळ होता आणि घरं माळवदाची, दगड-मातीच्या जाड भिंतींची. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारीजवळ काही ठिकाणी जमीन जवळपास मीटरभर वर उचलली गेली. तोवर दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, असंच आम्ही शिकत आलो होतो. मग अशी हालचाल इथे पूर्वीही झाली होती का, आणि कधी? लेखी नोंदी इतक्या मागे जात नाहीत, म्हणून मातीला विचारावं लागतं. तेरणेकाठच्या गाळात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या धक्क्याच्या खुणा आधीच्या अभ्यासकांनी मांडल्या आहेत. आम्ही त्याच धाग्याने पुढे निघालो होतो.

या कामात जुन्या मातीचं मोल मोठं. माती पिकायला काळ लागतो. जमीन शेकडो-हजारो वर्षं निवांत राहिली तरच तिच्यात रंग मुरतो, चुना खाली झिरपून त्याचे खडे बनतात. अशी पिकलेली माती पुढे गाळाखाली गाडली गेली आणि ती तुटलेली सापडली, पण वरचा थर मात्र अखंड असला, तर भूकंप त्या दोन थरांच्या मधल्या काळातला. थरांचं वय काढता आलं की भूकंपाचा काळही हाती येतो. त्यातून, त्याच सकाळी सव्वा मीटर खोलीवर आम्हाला कोळशाचा तुकडा मिळाला होता. कार्बनवरून वय काढता येईल म्हणून तो जपून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवला होता. सगळं जुळून येत होतं.

दुपारी शेताचे मालक भाकरी घेऊन आले. सत्तरीचे असतील, सगळे त्यांना तात्या म्हणतात. चराच्या काठावर उकिडवे बसून त्यांनी ती चकाकी बराच वेळ न्याहाळली.

"ताई, असलं तर आमच्या हिरीतबी निघालं हुतं. काळ्या रानात कुठंबी खांदा, निघतंयच."

मी वर पाहिलं. ते बोलत राहिले, "उन्हाळ्यात भेगा पडत्यात का न्हाई? एकदा माझा इळा गेला आत, परत दिसला न्हाई. धसकटं, जाळलेल्या तुराट्याची राख, वरची माती, समदं आत जातंय. पाऊस पडला की जमीन फुगती, भेग मिटती. मग आत गेलेलं कुठं जाईल?"

मृदाशास्त्रात हे मी शिकले होते. रेगडीतली, म्हणजे या काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. भेगांत पडलेल्या मातीमुळे पुढच्या पावसात फुगायला जागा उरत नाही, तेव्हा ढेकळं एकमेकांवर चढतात, घासतात, आणि त्यांच्या अंगावर हीच चकाकी येते. वाचलेलं सगळं होतं. पण भूकंप शोधायला आलेल्या माणसाला आधी भूकंपच दिसतो.

जेवण तसंच ठेवून आम्ही परत खाली उतरलो. होकायंत्राने चव्वेचाळीस पृष्ठभाग मोजले. भ्रंश असता तर बहुतेकांचा कल एकाच दिशेला असता. इथे ते चारी दिशांना कललेले होते, ओरखडेही वाटेल तसे. मग खालचा तळ साफ केला. काळ्या मातीखाली चुनखडीच्या खड्यांची फिकट पट्टी, तिच्याखाली पिवळसर मुरूम. चकाकी मुरमाच्या वरच विरून जात होती. चुनखडीची पट्टी चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होती. ती कुठेही खचलेली नव्हती, कुठेही चढलेली नव्हती. इथे भ्रंश नव्हता.

फॉइलमधला कोळसाही आता बिनभरवशाचा झाला होता. तो हजार वर्षांपूर्वीचा असेल किंवा मागच्या सालच्या तुराट्यांचा.

विद्यार्थी हिरमुसला. त्याने आराखड्यावर लाल पेन्सिलने ओढलेली रेघ खोडली तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण रिकामा निघालेला चरही तितक्याच काळजीने नोंदवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. चुकीचा एक भूकंप इतिहासात घुसला की दोन भूकंपांमधला काळ चुकतो, आणि त्या आकड्यावर पुढे कुणीतरी इथल्या घरांचा, धरणांचा विचार करणार असतं.

संध्याकाळी तात्यांनी विचारलं, "मग परत व्हईल का?" १९९३ ला त्यांच्या घरातली तीन माणसं गेली, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. मी म्हणाले, "कधी ते कुणालाच सांगता येत नाही, तात्या. या शेतात तरी जमीन तुटल्याची खूण मिळाली नाही." त्यांनी मान हलवली. नव्या घराला त्यांनी पत्रे घातलेत आणि भिंतीत आडवे काँक्रीटचे पट्टे घेतलेत, हे मला हाताने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी चर बुजवायला जेसीबी आला. तात्या काठावर उभे राहून चालकाला ओरडून सांगत होते, "मुरूम खाली घाल, मुरूम खाली! काळी वर राहू दे!" काळ्या मातीचा ढीग आम्ही पहिल्या दिवशीच वेगळा ठेवला होता. तो सर्वांत शेवटी पसरला.