दुसरा भाग कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या नागपूरच्या चित्रपट मंडळात ‘चायनाटाउन’ दाखवला की दुसऱ्या दिवशी मी ‘द टू जेक्स’ लावते, आणि दर वेळी चहा घेताना कोणीतरी विचारतेच की मॅडम, इतका परिपूर्ण चित्रपट पाहिल्यावर हा पडेल दुसरा भाग कशासाठी? आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेली. परिणामी मला दोन्ही चित्रपटांत खासगी गुप्तहेर जेक गिटिसचे काम करणाऱ्या जॅक निकल्सनचे वेड आहे, असा माझ्याविषयी समज झाला. तसे नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले बरेचसे मान्यही आहेत. पहिला चित्रपट 1974 चा, दुसरा 1990 चा, म्हणजे मध्ये सोळा वर्षे गेली. 1985 साली पटकथाकार रॉबर्ट टाऊन दिग्दर्शन करणार आणि निर्माते रॉबर्ट एव्हान्स पडद्यावर दुसऱ्या जेकची भूमिका करणार असे ठरले होते, पण चित्रीकरणाच्या तोंडावर ते फिसकटले. शेवटी दिग्दर्शन निकल्सनने स्वतः केले आणि ती भूमिका हार्वी कायटेलकडे गेली. कथानक गुंतागुंतीचे आहे, पहिला भाग नीट आठवत नसेल तर प्रेक्षक हरवतो, आणि पहिल्या भागात नसलेले निवेदन इथे जागोजागी कानावर पडत राहते. लोकांनी तेव्हा पाठ फिरवली, याचे मला नवल वाटत नाही.

महाविद्यालयात असताना मी याच शहरातल्या एका अनियतकालिकात लिहिले होते की ‘चायनाटाउन’च्या शेवटानंतर एक शब्दही बोलणे म्हणजे त्या शेवटाचा अपमान आहे. गिटिस जिला वाचवू पाहतो ती एव्हलिन मारली जाते, तिच्या मुलीला, कॅथरीनला, एव्हलिनचा बाप नोआ क्रॉस घेऊन जातो, आणि सहकारी गिटिसला सांगतो की हे सारे विसरून जा. त्यानंतर काय उरते, असा माझा सवाल होता. तो लेख मी अजूनही फाडून टाकलेला नाही, कारण त्यातला युक्तिवाद आजही मला पक्का वाटतो. मात्र तो लिहिणाऱ्या मुलीने एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. पहिल्या चित्रपटात गिटिसला सत्य कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो, त्यामुळे ते कळल्यावर काय करायचे हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. दुसऱ्यात त्याला वेळेवर कळते. ते कोणाला सांगायचे आणि कोणापासून लपवायचे, हे त्यालाच ठरवावे लागते.

या फरकाचे महत्त्व मला चित्रपटांनी शिकवले नाही. कळमेश्वरच्या बाजूला आमची संत्र्याची बाग होती. कोळशी आणि डिंक्या या रोगांनी झाडे खंगत गेली, विहिरीचे पाणी खोल गेले, नवी बोअर कोरडी निघाली, आणि बाबांनी जमीन एका ले-आउटवाल्याला विकली. विक्रीबद्दल माझी तक्रार नाही. भाव रास्त मिळाला आणि भावाचे कर्ज फिटले. जेसीबीने झाडे उपटली, आणि त्यांचे बुंधे, धुऱ्यावरचे दगड व मुरूम टाकून विहीर बुजवली. ले-आउटच्या नकाशात तिची खूणही नव्हती. तिच्यावर कोपऱ्याचा प्लॉट पडला, आणि कोपऱ्याचा म्हणून तो जास्त भावाने गेला.

भाऊ म्हणाला, “बाबा, जमीन आपण विकली. आता तिच्यात आपलं काय राहिलं?” बाबांनी त्याला उत्तर दिले नाही, मला गाडी काढायला सांगितली. आम्ही पोचलो तेव्हा प्लॉटवर पायाच्या आखणीची चुन्याची फक्की मारलेली होती आणि घेणारे नवरा-बायको हातात नकाशा धरून उभे होते. बाबा म्हणाले, “इथं विहीर होती जी.” नवऱ्याचा चेहरा उतरला आणि मग कठीण झाला. “काका, रजिस्ट्री झाली, बँकेचा हप्ता सुरू झाला. आता हे मला कशाला सांगून राहिले?” बाबा म्हणाले, “तुम्हाला माहीत असावं म्हणून.” बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बायकोने विचारले, “कुठंशी होती?” बाबा फक्कीच्या आत गेले, रस्त्याच्या कडेपासून पावले मोजत आले आणि चपलेच्या टोकाने मातीत एक मोठा गोल ओढला. तो निम्मा स्वयंपाकघरात येत होता आणि निम्मा देवघरात. तिने नकाशावर बोट ठेवून पाहिले, मग गोलाकडे, मग नवऱ्याकडे. तो म्हणाला, इंजिनिअरला विचारू. गाडीत बसल्यावर बाबा एवढेच बोलले: “तिनं विचारलं तरी.”

घर तिथेच उभे राहिले. पाया किती खोल घेतला, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. बाबा होते तोवर पावसाळ्यात त्या रस्त्याने गाडी न्यायला लावत. भावाचे मत आजही असे आहे की आपण त्या माणसांची झोप उडवली आणि दिले काहीच नाही. मला त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

पेंच धरणाचे पाणी पिणाऱ्या आपल्या शहराला पहिल्या चित्रपटातला पाण्याचा घोटाळा लगेच कळतो. दुसऱ्यात 1948 सालचे लॉस एंजेलिस आहे, संत्र्याच्या बागा काढून घरांचे प्लॉट पडत आहेत, आणि त्या घरांखालच्या जमिनीत गॅस आहे. आपल्याकडे बागांचे ले-आउट रोज पडत असताना हाच भाग आपल्याला परका का वाटावा? गिटिसकडे खुनाच्या प्रसंगाचे, त्या काळच्या यंत्राने पोलादी तारेवर केलेले ध्वनिमुद्रण आहे. अशिलाने सांगितलेले काम झाले आहे, व्यवहार संपला आहे, तरी ते तो सहजासहजी कोणाला देत नाही, कारण त्यात एक नाव आहे.

अनियतकालिकात लिहिणारी ती मुलगी म्हणेल, ही तुझ्या बाबांची गोष्ट झाली, यात चित्रपटाचे श्रेय ते काय? तिचे म्हणणे मी निम्मेच मान्य करीन. हा चित्रपट मला जवळचा वाटण्यात बाबांचा वाटा नक्कीच आहे. पण गिटिस ते ध्वनिमुद्रण ऐकतो आणि खरखरीतून कॅथरीन मलरेचे नाव येते, त्या प्रसंगात अकरा वर्षांपूर्वी हातून निसटलेली मुलगी एका आवाजातून परत येते, आणि ते समजायला कोणाची बाग विकली जावी लागत नाही. बाकीच्या चित्रपटाबद्दल तुमचे जे म्हणणे असेल ते मी ऐकून घेईन. या प्रसंगाबद्दल मात्र नाही.