ओट्याखाली वॉशिंग मशीन आणि ड्रायर बसवताना

इंदूरच्या जुन्या वस्त्यांत कपडे धुण्याची मोरी मागच्या अंगणात असे आणि वाळत घालण्यासाठी गच्ची असे. त्या वाड्यांच्या जागी फ्लॅट उभे राहिले, तशी अंगणे गेली आणि गच्ची सर्वांची झाली. लोकमान्यनगरातील आमच्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले, तेव्हा वॉशिंग मशीन आणि ड्रायर दोन्ही ओट्याखाली बसवण्याचा निर्णय आम्ही घेतला. या कामासंबंधी माझे एक ठाम मत झाले आहे. मशीन ओट्याखाली किती नेटके बसते, यापेक्षा ते गरज पडेल तेव्हा किती सहज बाहेर काढता येते, हे अधिक महत्त्वाचे आहे. कारण पाण्याचा पाइप गळतो तो मशीनच्या मागे, आणि ती जागा एरवी कोणालाही दिसत नाही.

पहिला प्रश्न उंचीचा. समोरून दार असलेली बहुतेक मशीन 850 मिलिमीटर उंच आणि 600 मिलिमीटर रुंद असतात. आपल्याकडचा ओटा साधारणतः 33 ते 34 इंच, म्हणजे सुमारे 840 ते 865 मिलिमीटर उंच बांधला जातो. पण ही उंची वरच्या पृष्ठभागाची असते. त्यातून ग्रॅनाइटची 18 ते 20 मिलिमीटर जाडी वजा होते, आणि ओट्याची कड भारदस्त दिसावी म्हणून पुढच्या बाजूला खालून जी पट्टी चिकटवतात, ती आणखी तेवढीच जागा खाते. ओट्यासमोर उकिडवे बसून, टेप जमिनीपासून त्या पट्टीच्या खालच्या कडेला लावला, की 34 इंचांच्या ओट्याखाली प्रत्यक्षात 825 मिलिमीटरच हाताशी येतात. आतील पोकळी उंच असूनही मशीन दारातच अडते, ते या पट्टीमुळे. नव्या ओट्यात मशीनच्या भागापुरती ही पट्टी लावूच नये, किंवा उंची ठरवतानाच ती हिशेबात धरावी.

ओटा 36 इंचांचा केला तर पट्टीसकट सुमारे 875 मिलिमीटर मिळतात आणि वर बोटभर मोकळी जागा राहते. मात्र आमच्या आईची उंची बेताची आहे, आणि एवढ्या उंच ओट्यावरच्या शेगडीवर कढई ठेवली की तिला खांदे उचलून परतावे लागले असते. म्हणून आम्ही ओटा दोन पातळ्यांत बांधला: शेगडीची बाजू 32 इंच, आणि भांडी घासण्याच्या सिंककडची बाजू 36 इंच. सिंकमध्ये हात खाली घालावे लागत असल्यामुळे ती बाजू उंच असणे पाठीलाही सोयीचे ठरते. फर्निचरमध्ये बसवण्यासाठी खास बनवलेली, सुमारे 820 मिलिमीटर उंचीची मशीनही मिळतात, पण ती महाग असतात आणि निवडीला फारसा वाव राहत नाही. साध्या मशीनचे वरचे झाकण काढून ते कमी उंचीत कोंबण्याचा सल्ला काही जण देतात. उत्पादकाने तशी परवानगी आणि झाकणाऐवजी बसवायचा पत्रा दिला असेल तरच ते करावे, अन्यथा विजेचे भाग उघडे पडतात.

दोन मशीन शेजारी ठेवायची तर 1200 मिलिमीटर पुरत नाहीत. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक सेंटिमीटर सोडावा लागतो, आणि मध्ये कडाप्प्याचा उभा आधार घेतला तर एकूण रुंदी 1260 ते 1270 मिलिमीटरपर्यंत जाते. हा मधला आधार गाळण्याचा मोह होतो, पण सिंकच्या खाचेलगत ग्रॅनाइटचा एवढा लांब भाग निराधार ठेवला तर तो तडकण्याची भीती असते. मशीनने ओट्याला भार देऊ नये आणि ओट्यानेही मशीनला टेकू नये. ड्रम मिनिटाला 1200 किंवा 1400 फेरे घेत असताना मशीन थोडेही दगडाला लागले, तर वरची भांडी वाजतात आणि दगडाचे सांधे सैल होतात. खोलीच्या बाबतीत, 600 मिलिमीटरच्या ओट्यात मागच्या पाइपांसाठी पाच ते दहा सेंटिमीटर सोडले की पूर्ण आकाराचे मशीन पुढे डोकावते. त्यामुळे त्या भागात ओटा 680 मिलिमीटर खोल करणे आम्हाला अधिक रास्त वाटले.

पाणी, निचरा आणि वीज या तिन्ही जोडण्या मशीनच्या मागे कधीही ठेवू नयेत. आम्ही नळाची तोटी सिंकखालच्या कपाटात घेतली आणि विजेचे बोर्ड ओट्याच्या वर, सिंकपासून दूर ठेवले, म्हणजे गळती दिसताच मशीनला हात न लावता दोन्ही बंद करता येतात. निचऱ्याचा पाइप ओट्याच्या दगडाला खालून जवळजवळ टेकेल इतके उंच वळण देऊन मगच खाली उतरवावा. वळण नसेल तर सिंकचे उष्टे पाणी मशीनमध्ये शिरू शकते. शक्य असल्यास सिंकच्या पाइपात जोडण्याऐवजी स्वतंत्र उभा पाइप द्यावा, कारण कपड्यांचे तंतू आणि भांड्यांचे तूप-तेल एकत्र आले की नळी तुंबते.

पाण्याचा दाबही तपासायला हवा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक बार दाब मिळतो, म्हणजे वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर तीनच मीटर असेल तर जेमतेम 0.3 बार. काही मशीनना याहून अधिक दाब लागतो. 1978 पासून जलूदहून इंदूरला येणारे नर्मदेचे पाणी आणि बोअरचे जड पाणी एकाच टाकीत पडत असेल, तर हीटरवर क्षार धरतात, ही गोष्टही येथे लक्षात ठेवावी.

विजेचा हिशेब साधा आहे. पाणी तापवताना वॉशिंग मशीन सुमारे 2000 वॅट घेते, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 8.7 अँपिअर, तेवढाच भार घेणारा ड्रायर त्याच 16 अँपिअरच्या प्लगवर लावला तर मर्यादा ओलांडली जाते. दोघांना स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), पक्के अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच) असलीच पाहिजे.

ड्रायर निवडताना ओट्याखाली हीट पंपाचाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. गरम दमट हवा नळीने बाहेर सोडणाऱ्या ड्रायरला भिंतीत भोक लागते. हीट पंपाचा ड्रायर कपड्यांतील ओल पाणी करून टाकीत किंवा निचऱ्यात सोडतो, वीज कमी घेतो आणि ओट्याखाली फारशी उष्णता सोडत नाही. त्याची हवेची जाळी मात्र दाराने झाकू नये. मे महिन्यात गच्चीवरचे ऊन फुकट आहे. ड्रायरची खरी गरज जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच असते.

एक गोष्ट अजिबात करू नये. गॅसचा सिलिंडर मशीनच्या कप्प्यात किंवा लगत ठेवू नये. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो, आणि मशीनमधील स्विचची ठिणगीही तेथेच असते. आमच्याकडे अवंतिका गॅसची पाइपलाइन आल्यामुळे ती जागा रिकामी झाली होती. ज्यांच्याकडे सिलिंडर आहे, त्यांनी आधी त्याची वेगळी, हवेशीर सोय करावी.

सुतारांनी मशीनच्या पायांसमोरची तळाची पट्टी आतून कायमची ठोकून देण्याचा प्रस्ताव ठेवला होता. “ताई, एकदम सफाईदार दिसेल,” असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरेही होते. पण मशीनच्या खालच्या कोपऱ्यात पंपाच्या जाळीचे छोटे दार असते. नाणी, टाचण्या, बटणे तेथेच अडकतात. म्हणून ती पट्टी चिमट्यांवर बसवून घेतली, ओढली की निघते. फरशीही मशीन येण्यापूर्वी पूर्ण घालून घ्यावी, कारण नंतर पुढे जाड टाइल बसवली तर मशीन खड्ड्यात अडकून पडते.

बसवण्याच्या दिवशी ड्रम आवळून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत ना, हे स्वतः पाहावे आणि ते जपून ठेवावेत. पाय पाणसळ लावून समतल करावेत आणि त्यांचे नट घट्ट आवळावेत. मग रिकामे मशीन पूर्ण वेगाने फिरवून, सर्व सांध्यांवर कोरडा कागद फिरवून ओल येते का ते पाहावे. आणि सुतार जाण्यापूर्वी, पाइप जोडलेले असतानाच, मशीन एकदा पुढे ओढून पुन्हा आत सरकवून घ्यावे.