फेरीबोटीत मावेल असं विणकाम

गोव्यात कुणाला वाढदिवसाला हातानं विणलेलं काही द्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "स्वेटर? हंगा (इथं)?" प्रश्न रास्त आहे. पौषातल्या चार पहाटा सोडल्या तर लोकरीला इथं काही कामच नाही, आणि पावसाळ्यात ती कपाटात बसून कुबट वास तेवढा धरते. तेव्हा धागा सुती घ्यावा आणि विणावा लांबट स्टोल. ऑफिसच्या एसीत उपयोगी पडतो, रात्रीच्या बसमध्ये पडतो, शिवाय मापाची भानगड नाही.

वेळ नाही ही तक्रार सगळ्यांचीच असते, पण ती पुरती खरी नसते. वेळ असतो, फक्त तुकड्या-तुकड्यांनी. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी, पणजी-मडगाव बस, कुकरच्या तीन शिट्ट्या. या तुकड्यांत काय बसेल ते आधी पाहावं आणि मग नमुना निवडावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. चित्र बघून जाळीदार शाल धरतात आणि चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की ती माळ्यावर जाते.

१२० टाक्यांची रुंद शाल घेतली तर मिनिटाला २५ टाके या बेतानं एका सुईला, म्हणजे एका ओळीला, पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात फेरी धक्क्याला लागते आणि ओळ अर्ध्यावर राहते. अर्धवट ओळीत टाके ताणतात, आणि नंतर कुठल्या दिशेनं जात होतो तेही आठवत नाही. (धागा ज्या सुईवरून लोंबतो ती उजव्या हातात धरायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.) त्यापेक्षा ३६ टाक्यांची अरुंद पट्टी बरी. दीड मिनिटात सुई संपते, कधीही उठता येतं.

८ प्लायचा (मध्यम जाडीचा) सुती धागा आणि ५ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर १० सेंटिमीटरमध्ये साधारण १८ टाके बसतात. म्हणजे ३६ टाक्यांत २० सेंटिमीटर रुंदी. दीड मीटर लांबीला सव्वापाचशेच्या आतबाहेर ओळी, म्हणजे जवळजवळ साडेबारा तास. रोजचा अर्धा तास धरला तर पंचवीस दिवस. हेच ४ मिलिमीटरच्या सुयांवर करायला गेलात तर काम निम्म्याच्या आसपास वाढतं. वाढदिवसापासून मागं मोजत यावं आणि धुण्या-वाळवण्याला चार दिवस वेगळे काढावेत. धागा सुमारे २०० ग्रॅम लागतो. एक गुंडा जास्तीचा घ्यावा आणि सगळ्या लेबलांवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याची खूण) एकच आहे ना ते दुकानातच पाहावं. दुसऱ्या लॉटचा निळा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तोच वाटतो, उन्हात मात्र पट्टा उठून दिसतो.

वीण साधी ठेवावी, प्रत्येक सुई सुलटच. एक सुई सुलट, एक सुई उलट अशी वीण गुळगुळीत दिसते खरी, पण तिच्या कडा गुंडाळतात आणि इस्त्रीनंही कायमच्या बसत नाहीत. दर ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवला की कड वेणीसारखी नीट येते. सुती धाग्याला लोकरीसारखी लवचीक ओढ नसते, त्यामुळे घट्ट घातलेले टाके घट्टच राहतात आणि एक टोक आवळून येतं. दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालावेत आणि मग एक सुई काढून घ्यावी. शेवटी टाके बंद करतानाही हात सैल हवा.

प्रवासात लांब सरळ सुया नकोत, शेजाऱ्याच्या बरगडीत जातात. तारेनं जोडलेल्या गोल सुयांवर सरळ पट्टीही विणता येते आणि सगळं वजन मांडीवर राहतं. आषाढात घामेजल्या हातांत बांबूची सुई चिकटते, स्टीलची (स्टेनलेस नसेल तर) गंजून धाग्याला डाग देऊ शकते, अ‍ॅल्युमिनियमची सोयीची. गुंडा नाडीच्या पिशवीत असावा, नाहीतर ओल्या बसमध्ये तो ड्रायव्हरपर्यंत घरंगळत जातो.

बस गचका देणार आणि टाका गळणार, हे गृहीतच धरावं. दर वीस ओळींनी वेगळ्या रंगाचा बारीक दोरा सुईतल्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवला तर उसवण तिथं थांबते. गळलेला टाका क्रोशाच्या सुईनं वर चढवता येतो, पण या विणीत एक पायरी समोरून आणि पुढची मागून घ्यावी लागते; सगळ्या एकाच बाजूनं घेतल्या तर मधेच गुळगुळीत उभी रेघ दिसते. नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडावा आणि दोन्ही शेपट्या सातआठ सेंटिमीटर आत ओवाव्यात. सूत गुळगुळीत, आखूड शेपटी पहिल्या धुण्यात बाहेर डोकावते.

धुतलेला स्टोल दोरीवर मात्र टाकू नये. भिजलेलं सूत जड होतं आणि स्वतःच्याच वजनानं लांबत जातं. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढावं आणि सुंभाच्या खाटेवर चादर घालून पंख्याखाली आडवा पसरावा. श्रावणात दोन दिवस तरी लागतात. मधे एकदा उलटला नाही तर खालची बाजू आंबूस वास धरते. बांधून देताना हातभर उरलेला धागा आणि लेबल सोबत ठेवावं. पुढं कुठं उसवलं तर शिवायला दुसरा धागा जुळत नाही.