बनाना राईड, मोडलेलं मनगट आणि 'सही केलीत ना?' : माझा अनुभव

मालवणच्या बाजूला बनाना राईडवर (स्पीडबोटीमागे ओढतात ती केळ्यासारखी फुगवलेली बोट) बायकोचं मनगट मोडलं. शेवटी मजा म्हणून बोट मुद्दाम उलटवतात हे सगळ्यांना माहितीये, पण यांनी ती कमरेएवढ्या पाण्यात, खडकाला लागून उलटवली. मालकाचं एकच पालुपद, "फॉर्मवर तुमचीच सही आसा मा, मगे?"

त्या सहीला घाबरू नका. 'आम्ही जबाबदार नाही, कोर्टात जाणार नाही' असं लिहून घेतलं तरी करार कायदा १८७२ च्या कलम २८ प्रमाणे कोर्टाची वाट पूर्ण बंद करणारी अट रद्दच ठरते, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये निष्काळजीपणा सेवेतल्या त्रुटीतच येतो. फॉर्म अगदीच रद्दी नाही हां, हार्टचा त्रास लपवून बसलात तर तोच कागद तुमच्यावर उलटेल.

ग्राहक आयोगाकडे तक्रार ऑनलाइन भरली. सेवेसाठी दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असले की फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते.

मग छाननी. आक्षेप काय, तर 'सही केलेल्या फॉर्मची प्रत जोडा'. अहो, सही झाल्या झाल्या फॉर्म टपरीतल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये गेला, मालक द्यायला तयार नाही! तसं लिहून पाठवलं तर तोच आक्षेप जसाच्या तसा परत. फोन करावा तर साहेब टेबलवर नाहीत, उद्या करा. हॉस्पिटलचं बिल, एक्स-रे, जीपेचा स्क्रीनशॉट सगळं जोडलेलं, त्याकडे ढुंकूनही बघेनात, हवा काय तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच ताब्यातला कागद, डोकंच फिरलं माझं. शेवटी ओळखीच्या वकील ताईंनी वेगळा अर्ज करायला लावला की मूळ कागद समोरच्याकडे आहे, ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली आयोगानेच तो मागवावा. तेव्हा कुठे गाडी हलली.

आणि गंमत बघा, मालकाच्या वकिलाने बचाव म्हणून तोच फॉर्म स्वतःहून जोडला! जबाबाला त्यांना ३० दिवस असतात, फार तर १५ वाढीव. पुढे मध्यस्थीत हॉस्पिटलचा खर्च आणि वर थोडी भरपाई द्यायला मालक तयार झाला, आम्हीही ताणलं नाही.

हो, तक्रारीची मुदत दोन वर्षं. आणि सही करायच्या आधी फॉर्मचा नि बोटीच्या नंबराचा फोटो काढा, काउंटरवाला कुरकुरला तर कुरकुरू दे.