स गेला कुठे?

ऑगस्ट 2024. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ओसरलं होतं, पण बडोद्यातले कितीतरी रस्ते अजून चिखलातच. दांडिया बाजारातलं माझं क्लिनिक बंद. समा भागात राहणाऱ्या माझ्या साडेचार वर्षांच्या पेशंटच्या घरी वीज आली आणि लगेच तिच्या आईचा मेसेज आला : "ताई, प्रोसेसरच्या बॅटऱ्या चार्ज झाल्या. व्हिडिओवर घेता का सेशन?"

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात ऑपरेशनने बसवलेलं यंत्र; कानाबाहेरचा प्रोसेसर त्याला आवाज पुरवतो. असं इम्प्लांट केलेल्या मुलांचं सेशन मी सहा आवाजांनी सुरू करते. आ, ई, ऊ, म, श, स. म सगळ्यात खालच्या पट्टीतला, स सगळ्यात वरच्या. हे सहाही ऐकू आले की बोलण्यातले बाकीचे आवाजही पोचतायत असं धरून चालता येतं. आवाज आला की पोरीने स्टीलच्या डब्यात मणी टाकायचा, हा आमचा खेळ. मी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं, कारण ही बया ओठ वाचते.

आ. ठण्. ऊ. ठण्. म. ठण्.

श. मणी हातातच. स. तेच. पुन्हा स. ती आईकडे बघायला लागली.

पोटात गोळा आला. मागच्या महिन्यात क्लिनिकमध्ये सहाही चोख ऐकले होते. पुराच्या दमट हवेत प्रोसेसरचा माइक गेला की मॅप, म्हणजे तिच्यासाठी प्रोसेसरमध्ये बसवलेली सेटिंग्ज, बिघडला? आईला म्हटलंसुद्धा, "अहमदाबादला दाखवावं लागेल बहुतेक." रस्त्यांची ती दशा, आणि मी शंभरावर किलोमीटर पिटाळायला निघाले होते. तिचा चेहरा पडला. नको होतं इतक्या घाईने बोलायला.

तेवढ्यात गॅलरीतून आजी ओरडल्या. पुरानंतर पहिल्यांदाच भाजीवाला गल्लीत आला होता. "शुक शुक! ओ भाई, ऊभा रहो!"

पोरीने मान वळवली. आजींकडे पाठ होती तिची.

'शुक'मधला उकार ऐकूनही वळली असेल, असं आधी स्वतःला बजावलं. मग डोक्यात प्रकाश पडला. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप मागचा गोंगाट गाळतं. पंख्याची घरघर, पावसाची सर. लांबवलेला स त्याला तसलाच वाटणार! पोरीचा कान ठीक होता, माझा स बडोद्यातल्या बडोद्यात कुठेतरी गळत होता. इतकी वर्षं ऑडिओलॉजी करतेय, आणि हे आजींच्या शुक शुकने कळायचं होतं.

"तुम्हीच म्हणा," मी आईला सांगितलं, "तिच्या मागे उभ्या राहून. नुसता स, स्वर नको. आणि मधेमधे गप्प राहा, नाहीतर ती अंदाजाने टाकेल."

आई मागे गेली. पडद्यावर तिचे दात जुळलेले, ओठ ताणलेले दिसले. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

ठण्.