लोकल प्रॉक्सी लावली आणि ब्राउझर बंद पडला? आधी कुठे अडतंय ते बघा

लोकल प्रॉक्सी म्हणजे तुमच्याच मशीनवर, ब्राउझर आणि इंटरनेटच्या मध्ये बसून येणारं-जाणारं ट्रॅफिक दाखवणारा प्रोग्राम. ती लावल्यावर फायरफॉक्समध्ये 'द प्रॉक्सी सर्व्हर इज रिफ्युजिंग कनेक्शन्स' असं आलं की लोक सरळ राऊटर बंद-चालू करतात, नेटवाल्याला फोन लावतात. अहो, त्याचा काय संबंध, हा निरोप तुमच्याच मशीनमधून आलाय! ब्राउझर १२७.०.०.१ वर (म्हणजे तुमच्याच मशीनवर) ८०८० पोर्टला (प्रॉक्सीच्या ठरलेल्या दाराला) गेला आणि तिथे ऐकायला कोणीच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. क्रोममध्ये याच वेळी 'प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड' येतं.

मी उदाहरण मिटमप्रॉक्सी या लोकल प्रॉक्सीचं घेतो कारण टेस्टिंग शिकणारी बरीच मुलं तेच वापरतात. सगळ्यात आधी टर्मिनलमध्ये बघा की ते खरंच चालू आहे का आणि ८०८० वर तेच बसलंय का, त्यासाठी विंडोजवर नेटस्टॅट, लिनक्सवर एसएस, मॅकवर एलसॉफ ही कमांड. बऱ्याचदा आधीच दुसरा कुठला तरी सर्व्हर ते पोर्ट धरून बसलेला असतो. मग कर्लला (टर्मिनलमधून पानं मागवायचा प्रोग्राम) तीच प्रॉक्सी देऊन एखादं पान मागवा. कर्लला पान मिळालं तर प्रॉक्सी ठीक आहे, ब्राउझरचं सेटिंग तपासा, आणि कर्ललाही नाही मिळालं तर ब्राउझरला हातच लावू नका, उगाच वेळ जातो.

क्रोम सिस्टिमचं प्रॉक्सी सेटिंग उचलतो, फायरफॉक्सला स्वतःचं वेगळं देता येतं, त्यामुळे एकात चालतंय आणि दुसऱ्यात नाही हे अगदी नेहमीचं. ब्राउझरमधून मिटम डॉट इट हे पान उघडून बघा, ट्रॅफिक प्रॉक्सीतून जात असेल तर मिटमप्रॉक्सीचं सर्टिफिकेट (ब्राउझरने तिच्यावर विश्वास ठेवावा म्हणून लागणारी फाइल) डाउनलोड करायचं पान येतं, नसेल तर तसं तिथेच लिहिलेलं दिसतं. इतकी सोपी चाचणी असून कोणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक जागा मात्र भल्याभल्यांना छळते. आपलीच साइट लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनवर, चालू असते, बाकी सगळं ट्रॅफिक प्रॉक्सीत दिसतं आणि नेमकं तेच दिसत नाही. फायरफॉक्स ६७ पासून लोकलहोस्टचं ट्रॅफिक मुळात प्रॉक्सीकडे पाठवतच नाही, 'नो प्रॉक्सी फॉर'चा रकाना रिकामा ठेवला तरी नाही. अबाउट-कॉन्फिगमध्ये (फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावर) 'हायजॅकिंग' शोधा, अलाउ-हायजॅकिंग-लोकलहोस्ट सापडेल, ते ट्रू करा.

पानं उघडतायत पण 'अननोन इश्युअर' येतंय, म्हणजे प्रॉक्सीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, फक्त तिचं सर्टिफिकेट ब्राउझरच्या ऑथॉरिटीजमध्ये (विश्वासाच्या सर्टिफिकेटांच्या यादीत) टाकायचं राहिलंय. ते टाका, पण काम झालं की काढा सुद्धा, प्लीज. त्याची खाजगी की (सर्टिफिकेटमागची गुप्त किल्ली) तुमच्या होम फोल्डरमध्ये साध्या फाइलमध्ये पडलेली असते आणि ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या नेटवर्कवर मध्ये बसून बँकेचं पानसुद्धा वाचू शकतो.