पहिल्या तारखेचा पाव

एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी पोदेराचा भोंगा ऐकू आला की मी जरा मोठी पिशवी घेऊन फाटकाशी जाते. चार उंडे, म्हणजे गोल पाव, आणि दोन पोई हा आमचा रोजचा रतीब. त्या दिवशी मात्र सहा उंडे जास्त. रात्रभर सगळं गाव जागं असणार, पोदेरही माणूसच आहे, उद्या सकाळी नाहीच आला तर? गोव्यात, वास्कोत येऊन मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक जानेवारीला पोदेर आला नाही असं एकदाही घडलेलं नाही. तरी पिशवी मोठीच.

पोदेर म्हणजे घरोघरी पाव घेऊन येणारा. शब्द पोर्तुगिजांचा, पाव भाजायची विद्याही त्यांच्याबरोबर आलेली. पूर्वी इथे पीठ फुगवायला माडाची सूर घालत, आता यीस्ट घालतात आणि जुनी माणसं त्यावरून हळहळतात. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर प्लॅस्टिक, हँडलला रबरी फुग्याचा भोंगा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कोंड्याच्या पिठाची पोई सकाळी हातात घेतली तर मऊसूत आणि गरम. दुसऱ्या दिवशी तिची चप्पल होते.

मी नगरकडची. आमच्याकडे शिळ्या भाकरीला मान असतो. रात्रीची भाकरी सकाळी दह्यात कुस्करून खाल्ली की दिवस उभा राहतो. त्यामुळे लहानपणी प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे आजीची ज्वारीची भाकरी असायची, आणि मला एक कोडं पडायचं. टोपल्यात कालची शिल्लक आहे की, मग आज पुन्हा कशाला मागायची? आजीला विचारलं तर ती म्हणाली, “मागायला काय पैसे पडतात का गं तुला?”

इथे आल्यावर शेजारच्या आंटीच्या घरातून संध्याकाळी तीच प्रार्थना कोकणीत ऐकू यायची. तिच्यात भाकर नाही, ‘गिरास’ आहे. गिरास म्हणजे घास. मला ते फार आवडलं. भाकरी निदान अख्खी तरी असते, घास तोंडात मावेल तेवढाच. मूळ ग्रीकमध्ये या ‘रोजच्या’साठी जो शब्द आहे तो नव्या करारात या प्रार्थनेखेरीज दुसरीकडे कुठेही येत नाही. त्याचा अर्थ ‘आजच्यापुरती’ की ‘येत्या दिवसाची’, यावर पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर तो वाद माझ्या स्वयंपाकघरातही चालू आहे.

आमची इथली मराठी उपासना छोटी. पंधरा-वीस घरं, एक भाड्याचा हॉल, एक पेटी, एक ढोलकी. एकतीस तारखेला रात्री दहाला जमतो. वर्षभरात काय झालं त्याच्या साक्षी होतात. त्यातल्या काही फार लांबतात (एक काका दरवर्षी आपल्या हर्नियाच्या ऑपरेशनपासून सुरुवात करतात). बाराला पाच मिनिटं असताना सगळे गुडघे टेकतात. बाहेर फटाक्यांचा धडाका सुरू झाला की समजायचं, वर्ष लागलं. मग चहा, केक आणि वचनाच्या चिठ्ठ्यांची थाळी. प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायची. तिच्यावरचं शास्त्रवचन आपलं वर्षभरासाठी. या प्रथेचे मूळपुरुष कोण ते मला ठाऊक नव्हतं, पण तिचे एक जुने नातेवाईक पुढे वाचनात आले. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात १७२८ साली झिंझेनडॉर्फ नावाच्या धर्मपुढाऱ्याने आपल्या मंडळीला रोजच्या दिवसासाठी एक वचन द्यायला सुरुवात केली. १७३१ पासून त्याचं पुस्तक निघतं, आणि त्यातली जुन्या करारातली वचनं आजही चिठ्ठ्या काढूनच ठरतात. म्हणजे तिथे चिठ्ठी एका दिवसाची. आम्ही ती वर्षभर ताणली.

आणि आम्ही ती वाचतो कशी, तर राशिभविष्यासारखी. ज्याला ‘आशीर्वाद’ शब्द मिळाला त्याचा चेहरा खुलतो, ज्याला ‘धीर धर’ मिळालं तो शेजाऱ्याची चिठ्ठी बघतो. थाळीत ईयोबाच्या पुस्तकातली रडगाणी कोणी घालत नाही. ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ हे तर खुद्द येशूचं वाक्य, पण तेही मला थाळीत कधी दिसलं नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला. खनिज थांबलं तसे नदीतून बंदराकडे ते वाहून आणणारे बार्ज धक्क्याला लागले. यांची नोकरी बार्जवरची. पहिला महिना वाटलं, पंधरा दिवसांत सुरू होईल. दुसऱ्या महिन्यात पगार अर्धा झाला, तिसऱ्यात पगारही नाही आणि माणसंही नकोत. त्या एकतीस डिसेंबरला थाळी माझ्यापुढे आली आणि मी उचललेल्या चिठ्ठीवर होतं: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’

खरं सांगते, मला हसू आलं. चांगलं नव्हे, कडू. घरी आल्यावर मी ती चिठ्ठी डब्याखाली सरकवून ठेवली, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

कारण उणं पडलंच. मुलीची फी दोनदा चुकली. माझे कानातले गहाण गेले. एप्रिलपासून मी घरी शिकवण्या घ्यायला लागले. हे बायकोकडून पैसे मागायला लाजायचे आणि न मागता दिवसभर बंदरावर जाऊन बसायचे. त्या वर्षी प्रार्थनेला बसलं की मी देवासमोर यादी धरायची: जूनची फी, ऑगस्टचं भाडं, दिवाळीत गावी जायचं तिकीट. वर्षाचं बजेटच. आणि उठायची तेव्हा आधीपेक्षा जास्त घाबरलेली असायची.

वाण्याने उधारी बंद केली, त्यात त्याची चूक नव्हती. पोदेराने मात्र कधी विषय काढला नाही. तो बेळगावकडचा, माझ्याशी मराठीतच बोलायचा. एकदा मी भोंगा ऐकूनही बाहेर गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर फाटकाला पिशवी अडकवलेली, आत चार उंडे, दोन पोई. चौथ्या दिवशी मी वाट अडवून उभी राहिले तर म्हणाला, “वैनी, पैशाचं महिन्याला बघू की. पोरं खातात न्हवं?” त्याच्या देवाचं नाव वेगळं होतं. वहीत हिशेब मांडलेला असायचा, पण पान उलटायची घाई त्याला नव्हती. ती वही पुरी फिटायला दीड वर्ष लागलं.

अरण्यातल्या मान्नाची, म्हणजे इस्राएली लोकांना देवाने रोज सकाळी आकाशातून दिलेल्या अन्नाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. माणशी एक ओमर (जुनं माप) गोळा करायचं, सकाळसाठी ठेवायचं नाही. काहींनी ठेवलं, तर त्यात किडे पडले आणि मोशे संतापला. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट घ्यायची मुभा. रविवारच्या शाळेत ही गोष्ट आज्ञा मोडणाऱ्यांवर सांगतात. मला आता वाटतं, ती माणसं हट्टी नव्हती, घाबरलेली होती. मिसरातून निघालेल्या, पायाखाली वाळू असलेल्या बाईने दोन मुठी पदराआड लपवल्या तर मी तिला काय बोलणार?

आंटीला असले प्रश्न पडत नाहीत. ती एकतीसच्या रात्री सेंट अँड्र्यू चर्चमध्ये मिसाला जाते आणि एक तारखेला सकाळी पुन्हा जाते, कारण तो देवमातेचा सण. मधल्या वेळात तिचे नातू रस्त्यावर दोरी आडवी धरून ‘ओल्ड मॅन’साठी पैसे गोळा करतात, आणि बारा वाजता जुन्या पँटशर्टात गवत भरलेला तो म्हातारा पेटवतात. पहिल्या वर्षी मी भिंतीपलीकडून तिला सांगितलं की उद्याचेही पाव घेऊन ठेवलेत. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

“फाल्यां पोदेर येतलो न्हय गो?” उद्या पोदेर येणारच ना गं?

यंदा एक तारखेला सव्वासहाला भोंगा वाजला. जुना पोदेर आता गुडघ्यांमुळे येत नाही, त्याचा पुतण्या येतो, मोटारसायकलवर. भोंगा तोच. आंटी गाऊनवर शाल घेऊन तिच्या फाटकाशी उभी होती. मी रिकामी पिशवी घेऊन बाहेर गेले आणि चार उंडे, दोन पोई घेतल्या, रोजच्यासारख्या.

कालचे सहा उंडे फ्रीजमध्ये मागच्या बाजूला आहेत. आंटीला सांगितलेलं नाही.